सहा ते बारा नंबरच्या कड्या

आमच्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकवतात म्हटलं की आयोवातली माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, "कुठल्या तासाला, कवितेच्या का?" एकतीस वर्षं मी हे ऐकलं. विन्स्लेट कॉलेजच्या वर्कशॉपचा मी फोरमन होतो. फोरमन म्हणजे फोरमनही मीच आणि झाडू मारणाराही मीच. वर्कशॉप संगीत विभागाच्या तळघरात. वर गाणाऱ्यांचा सराव सुरू झाला की खाली लेथ बंद ठेवायचा, असा करार माझ्या आधीच्या माणसाने करून ठेवला होता, तो मी निमूटपणे पाळला. वर्षाला जेमतेम चौदा पोरं इंजिनिअरिंग घ्यायची, आणि त्या चौदाजणांना तत्त्वज्ञान, इतिहास, एखादी परकी भाषा आणि झालंच तर नाचसुद्धा शिकावा लागे. खुशाल हसा. हसून झालं की मार्ता कॅडलेकचं ऐका.

मार्ता आता तीन काउंट्यांमधल्या धान्याच्या कोठ्या तपासत फिरते. बुटकी, रुंद खांद्यांची बाई. जुनी पिकअप गाडी, मागे शिडी. कोठीवाले तिच्या नावाने बोटं मोडतात, कारण ती छपरापर्यंत चढल्याशिवाय कागदावर काही लिहीत नाही. "खालून दिसतंय की सगळं," असं कुणी म्हटलं की ती म्हणते, "तुम्हाला दिसतंय ना? मग तुम्ही सही करा." आणि शिडी लावते.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते बापाशी भांडताना. बाप एमिल कॅडलेक, वीस मैलांवरच्या मिलफोर्कच्या धान्य सोसायटीत कोठ्यांवर कामाला. एका हातात कोलाची नावाच्या खसखशीच्या गोड पावांचा डबा, दुसऱ्या हातात टोपी, आणि कपाळावर ही मोठी आठी.

"सरकारी विद्यापीठात जागा मिळालीय हिला," तो मला म्हणाला, जशी काही ती मीच हिसकावून घेतली होती. "तिथं वर्षाला हजार इंजिनिअर तयार होतात. आणि बाईसाहेबांना इथं यायचंय. इथं काय, तर नाच!"

"नाच एकच सत्र आहे, बाबा."

"एक तरी कशाला? नाचून पूल उभे राहतात?"

"तिथं मी एक प्रश्न विचारला तर तो माणूस म्हणाला, तिसऱ्या वर्षी कळेल. मला तोवर दम नाही."

"दम नाही हे खरंय. आईवर गेलीय," एमिल मला म्हणाला.

मी दोघांच्या भांडणात पडलो नाही. पोरीच्या हातात कानस दिली, लोखंडाचा एक तुकडा शिकंज्यात आवळला आणि म्हणालो, "हा सपाट कर." ती चाळीस मिनिटं घासत राहिली. तेवढ्या वेळात एमिलने आणि मी मिळून डबा निम्मा संपवला. शेवटी तिने तुकडा उजेडाकडे धरला, डोळा बारीक केला आणि म्हणाली, "अजून नाही झाला." एमिलने टोपी डोक्यावर घातली आणि तिची पेटी आणायला गाडीकडे गेला. आता आपलं काही चालणार नाही हे त्याला कळलं होतं.

विन्स्लेटची एक रीत आहे, ती आधी सांगायला हवी. आमच्याकडे परीक्षेच्या खोलीत कुणी पहारा देत नाही. प्रश्नपत्रिका घ्या, झाडाखाली बसा, खानावळीत बसा. पण पेपर असो, निबंध असो, नाहीतर प्रयोगाची वही, शेवटी आपल्या हाताने एक ओळ लिहून सही करायची: "हे काम माझं आहे. जे मी केलेलं नाही, ते केलं म्हणून सांगितलेलं नाही." आम्ही तिला नुसतं शेवटची ओळ म्हणतो. ती खोटी निघाली तर विद्यार्थ्यांचे पाच पंच बसतात आणि पोराला घरी पाठवतात. प्राध्यापकांना त्यात मत नाही, डीनलाही नाही. नवीन पोरं पहिल्या महिन्यात या ओळीची थट्टा करतात. चौथ्या वर्षापर्यंत ती त्यांच्या हातात इतकी बसते की किराणा मालाची यादी लिहितानाही पेन शेवटी अडखळतं.

मार्ताच्या हातात ती पहिल्याच आठवड्यात बसली. तिने माझी तीन ड्रिल तोडली आणि तिन्ही वेळा टेबलावर चिठ्ठी ठेवली. "आज मी ड्रिल तोडलं. घाई केली." खाली शेवटची ओळ, खाली सही. मी म्हणालो, "अगं, ड्रिल तोडायला शपथ कशाला?" तर म्हणे, "नाहीतर तुम्हाला वाटेल आपोआप तुटलं." त्या तिन्ही चिठ्ठ्या मी भिंतीवर टाचून ठेवल्या होत्या. तिने चिडून कितीदा काढायला सांगितल्या, मी काढल्या नाहीत.

शेवटच्या वर्षाच्या आधीच्या उन्हाळ्यात प्रत्येकाला बाहेर कुठेतरी काम करून त्याचा दाखला आणावा लागतो. सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत दाखला आला नाही तर शेवटच्या वर्षाला बसता येत नाही, घरी जा. मार्ता गेली ड्वेन स्ट्रोबेलच्या कारखान्यात. आमच्या पोरांना उन्हाळ्यात घेणारा पंचक्रोशीतला तो एकच माणूस, त्यामुळे कॉलेजात त्याचा मान जावयासारखा. तो कोठ्यांच्या छपरावर बसवायच्या कड्या बनवायचा. कोठीत उतरणारा माणूस कमरेचा दोर त्या कडीला बांधतो आणि मग खाली मक्यावर पाय ठेवतो. मका वरून घट्ट दिसतो, पण खालून उपसा चालू असला की माणसाला आत ओढतो. कडी तेवढी त्याला धरून असते.

मिलफोर्कच्या सोसायटीने स्ट्रोबेलकडे बारा कड्या मागवल्या होत्या. प्रत्येक कडी पाच हजार पौंडांपर्यंत ओढायची, मिनिटभर ताणून धरायची, वाकली नाही तर तिच्यावर नंबर ठोकून कागदावर आकडा लिहायचा. मार्ताने पाच ओढल्या. मग यंत्राचा पंप गळायला लागला. बाहेर माल न्यायला ट्रक उभा. स्ट्रोबेल आला आणि म्हणाला, "लिही बाकीच्या सात. एकाच लोखंडाच्या, एकाच साच्यातल्या आहेत. पाच हजार शंभर, पाच हजार दीडशे, असं काहीतरी लिहून टाक."

आणि तिने लिहिले. हे तिने मला स्वतः सांगितलं, मान खाली न घालता. "लिहिले मी, लॉइड. सातही आकडे. तो डोक्यावर उभा होता, ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, मी घाबरले आणि लिहिले."

"मग?"

"मग हाताने शेवटची ओळ लिहिली."

कारखान्यात कुणी मागितली नव्हती. तिथं त्या ओळीला काही अर्थही नव्हता. पण हाताला कुठे माहीत की आपण कॉलेजात नाही? ओळ लिहून झाली आणि मग तिने ती वाचली. जे मी केलेलं नाही, ते केलं म्हणून सांगितलेलं नाही. वर सात आकडे. स्ट्रोबेल ट्रकवाल्याशी बोलायला गेला होता. तिने ओळीखाली आणखी एक ओळ घातली: "क्रमांक ६ ते १२ तपासलेल्या नाहीत. आकडे सांगितले तसे लिहिले." सही केली, कागद पाकिटात घातला, पाकीट खोक्यात ठेवलं आणि ट्रक गेला.

सोसायटीच्या मॅनेजरने कागद वाचला. पाच कड्या छपरांवर चढवल्या आणि सात कुलपात ठेवून स्ट्रोबेलला फोन केला. त्या दिवशी स्ट्रोबेलच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. शहाण्या माणसाने नवा पंप आणून सात कड्या ओढल्या असत्या, अर्ध्या दिवसाचं काम. पण तो म्हणाला, "तीस वर्षांत माझ्या कागदावर कुणी शंका घेतली नाही, आणि ही नाच शिकणारी पोरगी घेणार?" त्याने कॉलेजला कळवलं की मार्ताने सोसायटीला पत्र लिहावं, आपला गोंधळ झाला होता, सगळ्या कड्या तपासलेल्या आहेत. पत्र आलं की दाखला. नाहीतर दाखला नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यापासून विन्स्लेटचं एकही पोर त्याच्या दारात उभं राहणार नाही.

डीन व्हिटकॉमबाईंनी मार्ताला बोलावलं, आणि वर्कशॉपचा माणूस म्हणून मलाही. बाई वाईट नव्हत्या. चाळीस वर्षं लॅटिन शिकवून मग खुर्चीवर बसल्या होत्या. पण त्यांना मागून येणाऱ्या तेरा-चौदा पोरांची चिंता होती.

"मार्ता, दोन ओळींचं पत्र आहे," त्या म्हणाल्या. "गोंधळ झाला होता एवढंच लिहायचं. थोडा तर झालाच होता ना?"

"नाही मॅडम. सात आकडे लिहिले तेव्हा झाला होता. खालची ओळ लिहिली तेव्हा नव्हता."

"तुझी डिग्री जाईल."

"ती ओळ तुम्हीच लिहायला शिकवलीत."

"परीक्षेच्या पेपरावर! जगातल्या प्रत्येक चिटोऱ्यावर नाही!"

मी मूग गिळून बसलो. याची मला अजून लाज वाटते.

त्या रविवारी एमिल आला. वर्कशॉपच्या पायऱ्यांवर मार्ताशेजारी बसला. मी तिथंच होतो, त्याने मला जा म्हटलं नाही.

"लिही गं पत्र," तो म्हणाला.

"बाबा, तुम्ही सांगताय हे?"

"मीच सांगतोय. मी छातीपर्यंत मक्यात अडकलो होतो, चार तास. तू तीन वर्षांची होतीस. श्वास सोडला की मका आत सरकतो, मग तेवढा श्वास परत घ्यायला जागा राहत नाही. म्हणून अर्धाच सोडायचा. ते मला ठाऊक आहे, तुला नाही. आणि तरी सांगतो, लिही. कड्या चांगल्याच असणार. स्ट्रोबेल गाढव आहे, पण लोखंड चांगलं वापरतो."

"चांगल्याच असतील. मी कुठं वाईट म्हटलंय?"

"मग?"

"तपासल्या नाहीत एवढंच म्हटलंय. आणि त्या दोराला उद्या दादा लटकणार आहे, तोही तुमच्याबरोबर कोठ्यांवरच आहे ना."

"दादाचं मी बघतो. तू डिग्री घे! आपल्या घरात कुणी घेतलेली नाही, हट्टी कार्टे!" एमिल ओरडला. वरच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं. मग तो उठला, रुमालाने नाक पुसलं आणि निरोप न घेता निघून गेला. मार्ता पायरीवर बसून राहिली. रडली. मी कॉफी आणून दिली, ती तिने घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जे केलं ते विन्स्लेटच्या बाहेर कुणाच्या डोक्यात आलं नसतं. ती पंचांकडे गेली आणि स्वतःविरुद्ध तक्रार दिली. "शुक्रवारपर्यंत मी माझी शेवटची ओळ खोटी ठरवणारं पत्र लिहावं असं कॉलेजचं म्हणणं आहे. लिहिलं तर मी नियम मोडते. तरी मोडण्याआधीच माझी चौकशी व्हावी, आणि ती वर्कशॉपमध्ये व्हावी."

डीनबाई लालबुंद झाल्या. पण पंचांच्या कामात डीनला मत नाही, हे नियमपुस्तकात त्यांच्याच सहीखाली छापलेलं होतं.

बुधवारी चार वाजता पाच पंच तळघरात आले. मुख्य होती जोसलिन नावाची नाच शिकणारी मुलगी, काठीसारखी ताठ, पायांत लोकरी मोजे. वरचे गाणारे सराव सोडून जिन्यावर दाटीवाटीने बसले. डीनबाईंना मी माझं स्टूल दिलं. स्ट्रोबेलही आला होता, हाताची घडी घालून दाराशी उभा.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," जोसलिन म्हणाली. "तेव्हा मला कळेल असं सांग. तू ओळ मागे घेतलीस तर काय होईल?"

"सात कड्या छपरांवर चढतील."

"आणि नाही घेतलीस तर?"

"मी घरी जाईन."

"कड्या चांगल्या आहेत का?"

"माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तेच तर लिहिलंय."

"माहीत नाही काय, मला आहे!" स्ट्रोबेल दारातून गरजला.

"सर, तुमची पाळी यायचीय," जोसलिन म्हणाली. जिन्यावर खसखस पिकली.

तेवढ्यात जिन्यावरची पोरं बाजूला सरली आणि एमिल खाली आला. खांद्यावर लाकडी खोकं. त्याने ते माझ्या टेबलावर आदळलं. आत सात कड्या, सहा ते बारा. "मॅनेजरला विचारून आणल्यात," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "तुमच्याकडे यंत्र आहे ना? मग बडबड कसली चाललीय?"

आमचं यंत्र जुनं, एका बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेलं. हाताने पंप मारायचा आणि काट्याकडे बघायचं. पण गळत नव्हतं. ते मी कधी गळू दिलं नाही. मार्ताने सहा नंबरची कडी चढवली. मी पंप मारायला लागलो. काटा पाच हजारांवर आला तसा जोसलिनने मिनिट मोजायला सुरुवात केली, आठा-आठाने, नाचणाऱ्यांच्या सवयीप्रमाणे. एक ते आठ, पुन्हा एक ते आठ. सात वेळा आठ झाले, वर चार, साठ. कडी वाकली नाही.

इथं मी माझ्या मनातलं पाप सांगतो. एखादी तरी तुटावी असं मला वाटत होतं. मोठ्याने, ठणकन, स्ट्रोबेलच्या तोंडावर. सातवी टिकली, आठवी टिकली, मी पंप मारत होतो आणि मनात म्हणत होतो, आता तरी तूट. नववी. दहावी. जिन्यावरची पोरंही जोसलिनबरोबर आठा-आठाने मोजायला लागली होती. अकरावी. बाराव्या कडीला मार्ताच्या कपाळावरून घामाचा थेंब यंत्रावर पडला. साठ झाले. मी झडप सोडली आणि काटा खाली आला.

सातही टिकल्या.

कुणी टाळी वाजवली नाही. वाजवायची कुणासाठी, हेच कुणाला कळेना. स्ट्रोबेल मात्र हसला. "झालं समाधान? मी काय सांगत होतो?"

डीनबाई हळूच म्हणाल्या, "मार्ता, म्हणजे एवढं सगळं..."

"तुम्ही सांगत होतात, सर," मार्ता स्ट्रोबेलला म्हणाली. ती त्याच्याकडे सरळ बघत होती. "आता तपासल्यात." तिने खिशातून त्या कागदाची प्रत काढली आणि माझ्या टेबलावर वाकून, आधीच्या ओळीच्या खाली लिहिलं: "क्रमांक ६ ते १२ आज विन्स्लेटच्या वर्कशॉपमध्ये ओढल्या. सातही टिकल्या." तारीख. मग शेवटची ओळ. मग सही. कागद बापाच्या हातात दिला. "आता चढवा, बाबा."

एमिलने कागद घडी करून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला, कोलाचींचा डबा धरायचा तशा काळजीने. मग बारा नंबरची कडी उचलून जरा वेळ मुठीत धरली.

"दाखला माझ्याकडून मिळणार नाही," स्ट्रोबेल म्हणाला आणि जिना चढून गेला. गाणाऱ्या पोरांनी त्याला वाट द्यायला मुद्दाम वेळ लावला.

पंचांनी दोन मिनिटं कुजबूज केली. जोसलिन उठली. "ओळ खरी होती. खरी ओळ मागे घेता येत नाही. आणि ती मागे घे असं विद्यार्थ्याला सांगणंही नियमात बसत नाही, मग सांगणारं कुणी का असेना." हे म्हणताना तिने डीनबाईंकडे बघितलं नाही, एवढा शहाणपणा तिच्याकडे होता.

पण पंचांना दाखला देता येत नव्हता. बुधवार संपत आला होता. डीनबाई स्टुलावर बसून नियमपुस्तक चाळत होत्या. मला वाटलं, आता या उठून जाणार. त्या म्हणाल्या, "ज्याच्या देखरेखीखाली बाहेरचं काम पूर्ण झालं, त्याने दाखला द्यावा. काम कुठं पूर्ण व्हावं हे इथं लिहिलेलं नाही. या कड्या बाहेरच्या आहेत. काम अर्धं राहिलं होतं, ते आज पूर्ण झालं." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कुणाच्या देखरेखीखाली?"

सगळे माझ्याकडे वळले.

"मॅडम, मी हायस्कूलसुद्धा पुरं केलेलं नाही," मी म्हणालो.

"तेही इथं विचारलेलं नाही."

मी हात पुसले. आयुष्यात मी पावत्या लिहिल्या होत्या, हजेरी लिहिली होती, दाखला कधी लिहिला नव्हता. लिहिलं की मार्ता कॅडलेक हिने नऊ आठवडे काम केलं, बारा कड्या तपासल्या, पाच तिथं आणि सात माझ्यासमोर, आणि काम चोख आहे. सही करणार, तर डीनबाई म्हणाल्या, "शेवटची ओळ?"

"मी विद्यार्थी थोडाच आहे?"

"तिच्या दाखल्यावर ती हवी."

मग लिहिली. हे काम माझं आहे. जे मी केलेलं नाही, ते केलं म्हणून सांगितलेलं नाही. आणि लिहून झाल्यावर माझाही हात अडला. भिंतीवर त्या पोरीच्या तीन चिठ्ठ्या होत्या, ड्रिल तोडल्याच्या. मी ओळीखाली आणखी एक ओळ घातली: "यंत्र चालवताना एक तरी कडी तुटावी असं मला मनातून वाटत होतं. तुटली नाही." आणि सही केली.

डीनबाईंनी दाखला वाचला. पुन्हा वाचला. मार्ताने त्यांच्या खांद्यावरून वाचला आणि तोंडावर हात दाबला.

"लॉइड, हे राहू द्यायचं?" बाई म्हणाल्या. "हा कागद कायमचा कपाटात जाणार आहे."

"राहू द्या, मॅडम," मी म्हणालो. "नाहीतर माझीही चौकशी लावा."